सेकंदाला साडेअठरा मैल

वाघमोडे सर कुणालाही 'बसा' म्हणत नसत. ते 'चला' म्हणत.

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी मला वेळापत्रक घ्यायला त्यांच्याकडं पाठवलं. सर शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी वह्या तपासत होते. मला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, समोरच्या खुर्चीकडं हात केला आणि म्हणाले, "चला." मला वाटलं, वर्ग दाखवायला नेतायत. मी दाराशी जाऊन उभी राहिले. ते काही उठेनात. पुन्हा खुर्चीकडं हात, पुन्हा "चला". मी दाराबाहेर दोन पावलं टाकून वाट पाहत राहिले. शेवटी शिपाई दगडूमामांनी कानाशी येऊन सांगितलं की बाई, खुर्चीवर टेका, सर बसायलाच सांगतायत.

बसल्यावर खुलासा झाला. सरांच्या मते 'बसा' हा शब्दच खोटा होता. खुर्चीवर टेकलेला माणूससुद्धा पृथ्वीबरोबर सूर्याभोवती सेकंदाला साडेअठरा मैल या वेगानं चाललेला असतो. मग त्याला बसा कसं म्हणायचं? फार तर 'टेकून चला' म्हणता येईल, पण ते लांबतं. म्हणून नुसतं 'चला'. एवढं सांगून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही दारात उभ्या राहिल्यापास्नं आपण साडेचार हजार मैल आलो, बाई. वेळापत्रक घ्या."

तेव्हाच्या औरंगाबादेत आम्हाला छावणी भागात भाड्यानं जागा मिळाली ती नेमकी सरांच्याच घरात निघाली. पुढची ओसरी आणि दोन खोल्या आमच्या, मागचं घर आणि अंगण सरांचं. त्यामुळं शाळेत सुटका नाही आणि घरीही नाही, अशी माझी अवस्था झाली. चहा गार झाला तर सर सांगत, अकरा हजार मैल कप हातात धरून बसलात, गार होणारच. आमचे हे पायजमा घालून रविवारभर लोळत पडले की सर खिडकीतून डोकावून म्हणत, आज लांबचा पल्ला चाललाय वाटतं. माझी मुलगी एक वर्षाची झाली तेव्हा सगळ्यांनी झबली आणि खेळणी आणली. सरांनी एक कागद आणला. त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. हिने पहिली फेरी पूर्ण केली. अंतर अठ्ठावन्न कोटी मैल. वाटेत एकही गचका नाही.' तिला लग्नपत्रिकेतलं चि. सौ. कां. लावायला अजून वीस वर्षं होती, पण सरांना अशा वेळी भान राहत नसे.

वाघमोडे हे नाव ऐकून कुणी धिप्पाड माणूस डोळ्यांपुढं आणील. सर काडीसारखे होते. निजामाच्या काळातली काळी शेरवानी कापून शिवलेला कोट, पांढरा पायजमा आणि हातात छत्री. घरचे धनगर. पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या काठावर त्यांचं गाव. त्या घरातून शाळेत गेलेला पहिला माणूस म्हणजे सर, आणि ती शाळा उर्दू माध्यमाची, कारण तेव्हा सरकारच उर्दू होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि काही दिवसांनी शाळांमधून मराठी सुरू झाली. सर तेव्हा नुकतेच मास्तर झालेले. त्यांना घरची मेंढराची मराठी येत होती आणि शाळेतली उर्दू येत होती. पुस्तकातली मराठी ही त्यांना तिसरीच भाषा होती. 'परिभ्रमण' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा यात परी कुठून आली म्हणून ते दोन दिवस विचारात पडले होते, असं त्यांनीच मला सांगितलं. वर्गात ते मुलांना म्हणत, "परिभ्रमण म्हणजे गर्दिश. तोंडात बसत नसंल तर गर्दिश म्हणा, पृथ्वीला चालतं."

आकडेमोड मात्र ते शेवटपर्यंत उर्दूतच करत. ओठ हलायचे, "पचपन, छप्पन, सत्तावन," आणि मग उत्तर मराठीत बाहेर पडायचं. राज्य बदललं, भाषा बदलली, पण पृथ्वीच्या चालीत एका मैलाचा फरक पडला नाही, याचं त्यांना फार समाधान होतं. पुढं मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा वाटलं, आता सर चिडणार. पण साडेअठराचे एकदम तीस झालेले पाहून ते खूश झाले. थोडे दिवस तीस म्हणालेही. मग पुन्हा साडेअठरावर आले. तीस म्हटलं की महिन्याचे दिवस मोजल्यासारखं वाटतं, म्हणत.

त्यांच्या वर्गाचा एक किस्सा शाळेत अजून सांगतात. तपासणीला मोठे साहेब आले होते. पुढच्या बाकावरच्या पोराला त्यांनी प्रेमानं विचारलं, बाळ, तुझं गाव कुठं आहे? पोरगं उभं राहिलं, थोडा विचार केला आणि म्हणालं, "आत्ता नेमकं सांगता येणार नाही, साहेब." साहेबांनी हेडमास्तरांकडं पाहिलं, हेडमास्तरांनी सरांकडं पाहिलं. सरांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत एका तरी पोराला समजलं, असं ते नंतर दोन महिने सांगत फिरत होते.

छावणीतल्या टांगेवाल्या चाचांशी त्यांची रोजची हुज्जत. एकदा पाऊस होता म्हणून सर टांग्यात बसले आणि सवयीप्रमाणं जमिनीच्या वेगाचा विषय काढला. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लगाम खाली ठेवून म्हणाले, "मास्टरसाब, जमीन खुदच इत्ती भागरी, तो मैं मेरे घोडे कू कायको तकलीफ दूं?" सर भर पावसात शाळेपर्यंत चालत आले. पण रागावलेले नव्हते. प्रश्न बरोबर आहे, म्हणत होते.

हसायला आम्ही सगळेच हसायचो. पण दगडूमामा निवृत्त झाले त्या दिवशीचं मला आठवतं. हेडमास्तरांनी भाषणात म्हटलं की दगडू तीस वर्षं एका जागी राहिला, कुठं गेला नाही, आला नाही. सर मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, दुरुस्ती आहे. मग पुढं येऊन त्यांनी फळ्यावर गुणाकार मांडला. तीस वर्षांत दगडूमामांनी साडेसतराशे कोटी मैलांचा प्रवास केला होता, आणि तोही एकदासुद्धा घंटा न चुकवता. मामांना आकडा काही कळला नसेल. पण आपल्या नावापुढं एवढी मोठी संख्या लिहिलेली पाहून ते टोपीनं डोळे पुसत राहिले. त्या दिवशी तो फळा कुणी पुसला नाही.

सरांना एक मोठी बहीण होती, ठकूआक्का. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी आली ती तिथंच राहिली. सरांना तिनंच वाढवलं होतं. मेंढरांमागं फिरून तिनं भावाला शिकवलं, हे सगळ्या छावणीला माहीत होतं, कारण सर ते सांगताना कधी थकत नसत. एकदा ती आठ दिवस राहायला आली होती. उंच, काळीसावळी, कपाळावर हिरवं गोंदण आणि नजर लांबचं पाहायची सवय असलेली. सरांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा आणि तिचा फारसा सूर नव्हता. भांडण असं नाही, पण दोघी एकमेकींना जपून वागत. आक्का दिवसभर माझ्या ओसरीवर टकळीवर लोकर कातत बसायची. मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. बातमी संपली की ती विचारायची, "ह्यात पावसाचं काय म्हनलंय का?" नसेल तर तिच्या दृष्टीनं पेपर फुकट गेला.

त्याच सुमाराला पैठणला धरणाची भिंत वर येत होती. वरच्या अंगाची गावं पाण्याखाली जाणार, हे कधीपासून ऐकत होतो. त्यात सरांचं गाव होतं. लोकांना दुसरीकडं जागा मिळाल्या, पावसाळ्याच्या आत गाव सोडायचं ठरलं. सरांनी आक्काला छावणीत आणायचं ठरवून मागच्या अंगणात तिच्यासाठी एक खोलीही बांधून घेतली. पण उन्हाळा संपत आला तरी आक्का येईना. मग गावाहून एक जण निरोप घेऊन आला. निम्मं गाव हललंय, म्हातारी हलायला तयार नाही, मास्तरांनी येऊन घेऊन जावं.

सर त्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात आले. त्यांच्या हातात एक कागद होता. तो माझ्यापुढं धरून म्हणाले, मुद्दे काढलेत, बघा बरं पटण्यासारखे आहेत का. मग म्हणाले, "बाई, तुम्ही बी चला. तुमचं ती ऐकते."

वहिनी, सर आणि मी, असे तिघं सकाळच्या एस.टी.नं पैठणला निघालो. तेव्हा मला कळलं की सरांना बस लागते. निघाल्यापासून त्यांनी एक लिंबू नाकाशी धरलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते. वहिनींनी मला हळूच सांगितलं, म्हणून तर गावाकडं वर्षातून दोनदाच जातात. अर्ध्या वाटेत सर एक डोळा उघडून म्हणाले, वेगाचं काही नाही, बाई, गचक्यांचं आहे. आणि लगेच खिडकीकडं वळले.

पैठणहून पुढं बैलगाडी. गावात शिरलो. लोक दारं, चौकटी, पत्रे, माळवदाची लाकडं काढून गाड्यांत भरत होते. नुसत्या भिंती उभ्या, आणि त्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. आक्काचं घर सगळ्यांत शेवटी, कडुलिंबाखाली. दार जागेवर होतं, अंगण सारवलेलं होतं. अंगणात सहा मेंढरं आणि त्यांच्यात आक्का, टकळी फिरवत. आम्हाला पाहून तिला आनंद झाला. कशासाठी आलो ते तिला ठाऊक होतं, पण तिनं विषय काढला नाही. भाकरी केली, लसणाची चटणी वाटली, जेवायला घातलं.

जेवण झाल्यावर सरांनी कागद काढला. मी त्यांचे पुष्कळ तास ऐकले आहेत, पण त्या दिवशीइतकं चांगलं ते कधी बोलले नसतील. अगदी तिच्या भाषेत, उदाहरणं देत, सावकाश. गाव सोडायचं दुःख कशाचं, तर जागा सोडायचं. पण जागा म्हणून काही असतं का? पृथ्वी चाललीय. आपण जेवायला बसलो तेव्हापासून आत्तापर्यंत लाखभर मैल मागं पडले. तू जन्मलीस ती जागा कोट्यवधी मैल मागं राहिली, तिथं आता पोकळी आहे, काळोख आहे. हे गाव दोन घडीसुद्धा एका ठिकाणी राहिलेलं नाही. मग जे कधी एका जागी नव्हतंच ते सोडायचं दुःख कशाला?

आक्कानं सगळं ऐकलं. टकळीवरचा धागा गुंडाळून घेतला.

"म्हंजी गाव चाललंय," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् मी बी त्याच्यासंगंच चाललेय."

"व्हय, आक्का. तेच तर."

"मंग मला उतरवतोस कशाला?"

सरांनी कागदाकडं पाहिलं. त्यांनी तो उलटून मागची बाजूही पाहिली. वहिनी आत भांडी आवरत होत्या, त्यांचा आवाज थांबला.

आम्ही एका दिवसासाठी गेलो होतो, दोन दिवस राहिलो. सरांनी नोकरीत पहिल्यांदा न कळवता रजा घेतली. मीही माझ्या परीनं आक्काला समजावून पाहिलं, छावणीतल्या खोलीचं वर्णन केलं, शेजारपाजार चांगला आहे सांगितलं. ती हो हो म्हणायची आणि उठून कामाला लागायची. सकाळ-संध्याकाळ टेकाडावर म्हसोबाच्या दगडाला पाणी घालायला जायची, तिथून घरी, घरून शेताच्या बांधावर, पुन्हा घरी. सर तिच्या मागं मागं फिरत. मला वाटायचं, बोलायची संधी शोधतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची शेवटची गाडी निघाली. गाडीवान जाता जाता ओरडून सांगून गेला की उद्यापासून इकडं कुणी येणार नाही. धुरळा खाली बसला. सर लिंबाखाली आक्काशेजारी टेकले होते. मग सर म्हणाले, आणि मला त्यांचा आवाज ओळखू आला नाही, "आक्का, मला तिथं तुझ्याबिगर करमत नाय. खोली बांधल्यापास्नं तर अजिबातच नाय. रोज दार उघडून बघतो. चल ना."

आक्का त्यांच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "हे आल्या आल्या सांगायचं व्हतंस. दोन दिस हिशेब कशाला करत बसलास?"

आणि ती उठली. तासाभरात तिचं सगळं आवरून झालं. पाच मेंढरं तिनं दिराच्या पोराकडं धाडली. एक कोकरू मात्र बरोबर घेतलं, कारण ते तिच्याशिवाय पीत नव्हतं. त्या कोकरानं पुढं आमच्या सहामाहीच्या भूगोलाच्या अकरा उत्तरपत्रिका खाल्ल्या आणि सरांनी त्या सगळ्या मुलांना पास केलं, ती गोष्ट वेगळी.

छावणीत आक्का बघता बघता रुळली. वहिनींचं आणि तिचंही जमलं. लिंबाखालचं ते बोलणं वहिनींनी आतून ऐकलं होतं, त्याबद्दल त्या कधी काही म्हणाल्या नाहीत, पण आक्काच्या खोलीत चूल त्यांनी स्वतःच्या हातानं घातली. दुपारी आक्का माझ्या ओसरीवर यायची. अशाच एका दुपारी सर अंगणात भाजीवाल्याला पृथ्वीचा वेग समजावून सांगत होते. मी हसून आक्काला म्हटलं, हे वेड यांना लागलं तरी कधी?

टकळी फिरवता फिरवता तिनं सांगितलं. आई गेली तेव्हा सर चार वर्षांचे होते आणि ती स्वतः तेरा वर्षांची, नुकतीच नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. आईला शेताच्या बांधावर मातीत ठेवलं होतं. पण ते लहान पोराला कुणी दाखवलं नाही. तो रोज विचारायचा, आई कुठं गेली?

"मला काय सुचंना," आक्का म्हणाली. "म्हनलं, लांब गेलीय, फुडं. आपुन बी तिकडंच चाललोय. तर म्हनला, आपुन तर बसलोय. मी म्हनलं, बसलोय असं वाटतंय रं. बसल्या जागी बी चाललोय. गप ऱ्हा, पोचू."

मग मेंढरांमागं बसलं की पोराचा रोजचा प्रश्न, किती लांब आलो? आणि तिचं रोजचं उत्तर, लई लांब. असं दोन-तीन वर्षं चाललं. पुढं पोरगं शाळेत जायला लागलं, आणि एक दिवस शाळा सुटल्यावर दप्तर फेकून धावत वावरात आलं. धाप लागलेली. मास्तरांनी सांगितलं होतं की जमीन फिरते, सूर्याभोवती, सेकंदाला इतके मैल. "मला म्हनला, आक्का, तू म्हनलीस ते खरं निघालं. आपुन चाललोय." टकळीवरचा धागा तुटला. "मला कुठं काय ठावं व्हतं? मी आपली थाप मारली व्हती."

मी विचारलं, आणि आई भेटणार नाही, हे त्यांना कधी कळलं?

"कळलंच असंल की कवातरी. पर परत इचारलं नाय." आणि तिनं तुटलेला धागा जोडला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरणात पाणी अडलं, वरची गावं एकेक करून बुडाली. दिवाळी झाल्यावर आक्का म्हणाली, एकदा बघून येऊ. पुन्हा तीच बस, तेच लिंबू, पैठणहून बैलगाडी. पण आता वाट टेकाडाशीच संपत होती. म्हसोबाचा दगड होता, आणि त्याच्यापुढं नजर जाईल तिथवर पाणी. वारा होता. लाटा टेकाडाच्या मातीवर येऊन पुसल्या जात होत्या. लिंब नाही, भिंत नाही, ओळखीची एक खूण नाही.

आक्का कपाळावर हात धरून पाहत राहिली. मेंढरं शोधायची तशी तिची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मग ती भावाकडं वळली. तिचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसला.

"कुठं रं?" तिनं विचारलं. "सगळं एकसारखंच दिसतंय."

सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. चौकटीचा, आलेखाचा कागद. खाली म्हसोबाचा दगड काढलेला, त्यातून निघालेल्या रेघा, रेघांवर आकडे. दुसऱ्या खिशातून त्यांनी शाळेच्या भूगोलाच्या कपाटातलं होकायंत्र काढलं. दगडाला पाठ लावून ते उभे राहिले, सुई स्थिर होईपर्यंत थांबले आणि हात लांब केला.

"हिकडं. ह्या बोटाच्या सरळ रेषेत. पाचशे दहा पावलांवर आपलं दार. दारातनं डावीकडं वळायचं. तिथनं एकशे साठ पावलांवर आई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आक्का त्या बोटाच्या रोखानं पाण्याकडं पाहत होती. मग ती म्हणाली की तुझी ढांग मोठी, माझ्या पायाला ते धरणार नाही.

"माझी नाय मोजली," सर म्हणाले. "तुझीच मोजली. ते दोन दिस तुझ्या मागं चालत व्हतो ना, तवा."

आक्कानं हात पुढं केला आणि सरांनी कागद तिच्या हातात दिला. ती म्हसोबाच्या दगडाशी खाली बसली. वाऱ्यानं फडफडणारा कागद तिनं मांडीवर पसरून दोन्ही बाजूंनी दाबून धरला, आणि त्यातल्या एका रेघेवर बोट ठेवून ती सावकाश, मोजत मोजत पुढं नेऊ लागली. तिनं कागद उलटा धरला होता. सर तिच्याशेजारी बसले होते. त्यांना ते दिसत होतं, पण त्यांनी तो सुलटा केला नाही.